विलास, ते पत्र मी लिहिलं होतं

विलास, मला अजून रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या गुरुवारी सकाळी सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी बिशान स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, हे एलआरटी स्टेशनपाशी बाकावर बसले होते. उठलेच नाहीत." मी म्हणालो, "आलो." जिना संपल्यावर बाजूला झालो, ऑफिसला मेसेज केला की आज उशीर होईल, आणि सेंगकांगला तुमच्याकडे यायला निघालो. उशीर होईल, एवढंच लिहिलं होतं मी. सेरांगूनला गाडी बदलताना ते माझ्या लक्षात आलं, पण मेसेज बदलला नाही.

पुढचं सगळं मी नीट केलं. कागदपत्रांत माझा हात बसलेला आहे, तुला माहीत आहे. हॉस्पिटल, दाखला, दापोलीला तुझ्या दादांना व्हिडिओ कॉल, मंडाईची वेळ. इथं सिंगापूरच्या स्मशानाचं नाव मंडाई आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तू म्हणाला होतास, "बरं झालं. आपली माणसं आयुष्यभर मंडईतच घासाघीस करतात, शेवटही तिथंच." त्या दिवशी ते आठवलं आणि हसूही आलं नाही. ऑफिसकडून फुलांचं चक्र आलं होतं. त्यावरच्या पट्टीवर काय लिहायचं हे आदल्या दिवशी ईमेलनं मलाच विचारलं होतं. मी मंजूर केलं होतं: 'आमचे मोलाचे सहकारी'. वहिनींनी ते वाचलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आठवणीनं सगळं करता हो."

तेव्हा मला बोलायला हवं होतं. तिथं माणसं होती, म्हणून बोललो नाही. असं मला वाटतं. माणसं नसती तरी बोललो असतो असं नाही.

आता तेरावं होऊन आठवडा झाला. तुझ्याशी बोलायचं तर सुरुवात कुठून करू? त्या बोटीपासूनच करतो. तू सेकंड इंजिनिअर, मी थर्ड. खालची माणसं तुला सेकंड साब म्हणायची, मला तीन साब, आणि चीफ इंजिनिअरला बडा साब. तो बडा साब वाईट होता असं आपण पुढं सगळ्यांना सांगत आलो. वाईट म्हणजे काय करायचा तो? मारायचा नाही, शिव्याही फारशा द्यायचा नाही. महिनाअखेरीला विश्रांतीच्या तासांचे तक्ते आधीच भरून आणायचा, जेवणाच्या टेबलावर पसरायचा आणि बोट ठेवून म्हणायचा, "साइन करो, पढ़ना बाद में." तक्त्यावर आपण रोज भरपूर झोपलेले असायचो. प्रत्यक्षात फिटर उभ्याउभ्या पेंगत होता, आणि एका दुपारी गरम पाइपावर त्याचा हात पडला तो कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला.

त्या महिन्यात तू तक्ता वाचलास. टेबलाशी बसून, चष्मा लावून, एकेक ओळ. मग पेन खाली ठेवून म्हणालास, "ही माझी झोप नाही." तुझ्यानंतर मी पेन ठेवलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

सिंगापूरच्या नांगरावर बोट लागली तेव्हा ऑफिसचा माणूस लाँचनं आला. आपण सगळे मेसरूममध्ये उभे होतो, फिटर हाताला बँडेज बांधून. बोललास तू. मी तुझ्या बाजूला होतो. त्यानंतर इतकी वर्षं मी ही हकीकत सांगताना 'आम्ही बोललो' असं म्हणत आलो. खरं म्हणजे मी मान हलवत होतो.

बडा साब उतरला. शिडीवरून त्याची सुटकेस खाली न्यायला कुणी पुढं होईना. तू झालास. मला इतका राग आला होता की रात्रीचं जेवण मी तुझ्याशी न बोलता केलं. तू एवढंच म्हणालास, "उतरला ना तो? मग बॅगेशी कसलं भांडण." आणि मग, ताटातला भात कालवत, "मोहन, आपण कधी बडे साब झालो तर खोट्या तक्त्यावर कुणाची सही घ्यायची नाही. ठरलं?" मी म्हणालो, ठरलं.

मला वाटतं, मी पहिली काही वर्षं ते पाळलं. तू समुद्रावर राहिलास, मी किनाऱ्यावर आलो, इथल्या ऑफिसात बसलो, माझ्याकडच्या एका बोटीच्या चार बोटी झाल्या, मग सगळ्या ताफ्याचा तांत्रिक प्रमुख झालो. सुरुवातीला मी स्वतः बोटींवर फोन करायचो. झोपलात का, जेवलात का, तक्ते खरे भरताय ना. चीफ इंजिनिअर लोक मला मोहन म्हणायचे. नंतर कधीतरी 'सर' म्हणायला लागले. मी सांगितलं नव्हतं तसं. नको म्हणूनही सांगितलं नाही.

बिघडायला कधी लागलं हे शोधायचा मी गेले तीन आठवडे प्रयत्न करतोय. इंजिनात बिघाड झाला की आपण मागं मागं जातो ना, हा आवाज कधीपासून, हे तापमान कधीपासून, तसं. एक दिवस सापडत नाही. एका बोटीला उशीर झाला होता, भाड्यानं घेणाऱ्यांचे फोनवर फोन येत होते, आणि मी एका चीफला म्हणालो, "या वेळेपुरतं रेकॉर्ड जरा नीट करून घ्या." तो लगेच "येस सर" म्हणाला. बोट वेळेत पोचली. कुणाचा हात भाजला नाही. मी आपली जबाबदारी पार पाडली असं मला वाटलं. त्या संध्याकाळी घरी येताना मी खूश होतो. पुढच्या वेळी 'या वेळेपुरतं' म्हणायची गरज पडली नाही. त्यांना कळायचं.

मग तुझी बोट आली. म्हणजे तू माझ्याच ताफ्यात चीफ झालास. तुला मीच बोलावून घेतलं होतं. आपल्या माणसानं आपल्या बोटी चालवाव्यात म्हणून. ते खरं होतं, विलास. त्यात खोट नव्हती.

त्या दुपारी तू धक्क्यावरून फोन केलास. दोन जनरेटर एकापाठोपाठ गेले होते, तुझी माणसं दीड दिवस खाली होती, काम झालं होतं. तुझा आवाज घोगरा होता. तू म्हणालास, "बोट नांगरावर घेतो. पोरं आठ-दहा तास झोपू देत. मग निघतो."

"निघायची वेळ ठरलेली आहे, विलास."

"माहीत आहे. पण माझा थर्ड मघाशी बोलता बोलता भिंतीला टेकून झोपला."

"तक्ते ॲडजस्ट करून घे आणि निघ."

"कुणाच्या सहीनं?"

"तुझ्या. चीफ तू आहेस."

 मागं कुठंतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "माझी नाही व्हायची, सर."

त्या 'सर'मध्ये टोमणा असता तर मी चिडून मोकळा झालो असतो. टोमणा नव्हता. फक्त तू मला कुठं ठेवलंस ते त्यात होतं. बोट नांगरावर गेली. दहा तास थांबली. तू लॉगबुकात कारण लिहिलंस, खरं कारण, आणि त्याखाली सही केलीस.

पुढच्या फेरीत सिंगापूर आल्यावर मी तुला उतरवलं.

ऑफिसात रिसेप्शनसमोर एक सोफा आहे. बोटीवरून उतरलेले चीफ तिथं बसतात, आत बोलावणं येईपर्यंत. मी नवीन होतो तेव्हा मलाही तिथं बसवलं होतं आणि मी तेव्हा ठरवलं होतं, माझ्या खोलीत यायला कुणाला थांबावं लागणार नाही. तू त्या दिवशी तिथं एक तास चाळीस मिनिटं बसलास. रिसेप्शनवरच्या मुलीनं दोनदा आत येऊन सांगितलं. मी म्हणालो, थोडं थांबायला सांग.

मला काम नव्हतं, विलास. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत मी एकटा होतो. टेबलावरच्या फायली मी एका बाजूच्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या. पाणी प्यायलो. खिडकीतून नांगरावरच्या बोटी मोजल्या. मी तुला बसवून ठेवलं होतं, कारण तू बाहेर बसलेला असताना मला बरं वाटत होतं. भीती वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्या दोन्हीला मी तेव्हा 'शिस्त' म्हणालो असतो.

आत आल्यावर मी तुला बोटीवरून काढल्याचं पत्र पुढं केलं. तू चष्मा लावून वाचलंस, एकेक ओळ. घडी घातलीस. माझ्या लेकीचं विचारलंस, "इरा कशी आहे?"

मी म्हणालो, "बरी आहे."

"अभ्यास?"

"चाललाय."

"बरं," म्हणालास, आणि गेलास. त्यानंतर तुला बोट मिळाली नाही. का मिळाली नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या कंपन्या विचारायला फोन करायच्या, आणि मी पत्रात लिहिलेलंच फोनवर सांगायचो. पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, होतात म्हणून तुम्हाला देश सोडावा लागला नाही. सेंगकांगच्या त्या फ्लॅटमध्ये तू खालच्या मजल्यांवरच्या मुलांना गणित, इंग्रजी शिकवायला लागलास.

दिवाळीच्या आधी लिटिल इंडियात मिठाईच्या दुकानात आपण समोरासमोर आलो, आठवतं? आपल्या दोघांच्या बायका, मीनल आणि सुनंदावहिनी, बोलायला लागल्या. वहिनी तुझ्याकडे हात करून म्हणाल्या, "गुडघ्याचं निमित्त करून बोट सोडून घरी बसलेत. एवढी चांगली चीफची नोकरी. कुणी सांगितलं होतं?" मीनल हसली, तिलाही मी तेच सांगितलं होतं, की विलासनं बोट सोडली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू काचेतल्या चकल्यांकडे पाहत होतास. म्हणालास, "या भाजणीच्या वाटत नाहीत." म्हणजे तू घरी खरं सांगितलं नव्हतंस. मला हलकं वाटलं. का सांगितलं नसशील, हा विचार मी केला नाही. हलकं वाटलं एवढंच आठवतं.

आणि मग तू आमच्या घरी यायला लागलास. ते मला आजही नीट समजत नाही. इराला शाळेत लिटरेचरमध्ये धड मार्क पडत नव्हते, आणि तिनं मला न विचारता तुला फोन केला. एका रविवारी दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. तू पपई पुढं केलीस. "पिकलीय. आज नाही खाल्ली तर फ्रीजमध्ये ठेव." त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी तीन वाजता तू आमच्या जेवणाच्या टेबलाशी इरासमोर बसायचास. माझ्याशी तू हवापाण्याचं बोलायचास, क्रिकेटचं बोलायचास, त्या पत्राबद्दल एक अक्षर नाही. मी वाट पाहत राहिलो की तू विषय काढशील आणि मग मी बोलेन. तू बहुतेक उलट वाट पाहत होतास.

या वर्षी तिला अभ्यासाला ती जनावरांची गोष्ट होती. शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात, सगळ्यांसाठी नियम ठरवतात, आणि मग त्यांच्यातलेच जे पुढारी होतात ते एकेक नियम आपल्या सोयीनं बदलतात. इराला ती सोपी वाटली होती. ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "काका, लीडर्स आर बॅड, एव्हरीबडी नोज लाह. त्यात डिस्कस काय करायचं?"

तू म्हणालास, "बॅड होते, तर बाकीच्यांनी त्यांना निवडलं कशाला?"

"बिकॉज दे वेअर स्मार्ट."

"आणि?"

तिनं पुस्तक पुन्हा उघडलं. मी स्वयंपाकघरात पपई कापत होतो. तू म्हणालास, "बघ, मालकाला हाकललं त्या दिवशी ते पुढारीही इतरांच्या बरोबरीनं धावले होते. तेव्हा ते खोटं वागत नव्हते. परीक्षेत हे लिही. नाहीतर उत्तर अर्धं राहतं."

विलास, तू ते मला ऐकू यावं म्हणून म्हणालास का? मी तेव्हा तसंच धरलं आणि मला राग आला. आज वाटतं, तू तिला नुसतं शिकवत होतास. तुला खरंच तसं वाटत होतं. माझ्याबद्दलही.

शेवटच्या रविवारी मात्र मी बशी घेऊन टेबलाशी आलो आणि मध्ये बोललो. म्हणालो, "पुढाऱ्याचीही बाजू असते, इरा. शेत कुणीतरी चालवायला लागतं. नुसते नियम धरून बसलं तर सगळीच उपाशी मरतील."

तू म्हणालास, "चालवायला लागतं, खरं आहे."

"आणि बाकीची जनावरं गप्प का बसली? सगळा दोष पुढाऱ्यावर टाकायचा आणि गप्प बसणारे साधेभोळे, असं कसं?"

तू पपईची फोड उचललीस. माझ्याकडे पाहिलंस. कित्येक महिन्यांत तसं पाहिलं नव्हतंस. "एक जण बोलला होता की," म्हणालास.

इरानं पानं चाळली. "कोण? विच चॅप्टर?"

"असेल कुठंतरी. शोध."

ती शोधायला लागली. मी बशी उचलून आत गेलो, बशीत फोडी शिल्लक होत्या तरी. नळ सोडला. तू जाताना दाराशी म्हणालास, "मोहन, तुझ्या प्रश्नाचा मी विचार करतो. गप्प का बसतात माणसं. त्यात तथ्य आहे." आणि चप्पल घालून गेलास. माझ्या त्या लबाड प्रश्नालाही तू प्रश्न म्हणून वागवलंस. गुरुवारी सकाळी तू गेलास. तुझं उत्तर काय असतं ते मला आता कळणार नाही. माझं मला माहीत आहे: मी गप्प बसलो, कारण गप्प बसल्यानं माझं काही जात नव्हतं.

गेल्या शनिवारी दुपारी मी सेंगकांगला गेलो. वहिनी पलंगावर तुझे शर्ट काढून बसल्या होत्या, द्यायचे वेगळे, ठेवायचे वेगळे. मी खुर्चीत बसलो. म्हणालो, "वहिनी, विलासनं बोट सोडली नव्हती. मी उतरवलं त्याला."

त्यांच्या हातात तुझा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे?"

मी सांगितलं. फोन, नांगर, तक्ते, सगळं क्रमानं सांगितलं. बैठकीत अहवाल सांगतात तसं सांगितलं गेलं, माझ्या आवाजात काही नव्हतं. सोफ्याचंही सांगितलं.  मी थांबल्यावर त्या शर्टाची बटणं लावत म्हणाल्या, "आणि गुडघे?"

"गुडघ्याचं काही नव्हतं."

"मी त्यांना दोन वर्षं बोलत होते, भावजी," त्या म्हणाल्या. "उठता बसता. सोडून आलात, सोडून आलात. एकदा पळपुटे म्हणाले मी त्यांना. ते म्हणाले, असेन बुवा."

मी पलंगावरच्या शर्टांकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं मी असं बोलते ते. मिठाईच्या दुकानात तुम्ही उभे होतात."

"हो."

"काय लिहिलं होतं त्या पत्रात?"

पत्र माझ्या फोनमध्ये होतं. मी इंग्रजीत वाचलं. त्या म्हणाल्या, "मराठीत सांगा."

विलास, ते पत्र मी अर्ध्या तासात लिहिलं होतं. इंग्रजीत ते गुळगुळीत होतं, अशा पत्रांसाठी वाक्यं तयारच असतात. मराठीत मला शब्द मिळेनात. मी म्हणालो, "यांची सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची तयारी कमी झाली आहे."

"कुठल्या सहकाऱ्यांशी? त्या झोपलेल्या पोराशी?"

"नाही."

"मग?"

"माझ्याशी."

"पुढं?"

"कामाच्या ताणाखाली योग्य निर्णय घेण्याची यांची क्षमता राहिलेली नाही."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यांनी मला ते वाक्य तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज मलाच ऐकू येईना. इंग्रजीत ते वाक्य कुणाचंच नव्हतं. त्या खोलीत, तुझ्या शर्टांसमोर, ते माझं होतं.

त्या म्हणाल्या, "यातलं खरं काय होतं?"

"काहीच नाही."

"मग तसं लिहून द्या. ज्यांना ज्यांना हे कळवलंत त्यांना. आणि मला मराठीत लिहून आणा. ते होईपर्यंत येऊ नका."

सोमवारी मी लिहिलं. संचालकांना दिलं, तुझ्याबद्दल विचारणा केलेल्या कंपन्यांना पाठवलं, त्या फेरीवर तुझ्या हाताखाली असलेल्या चौघांना पाठवलं. तो फोन, तक्ते, तुझा नकार, माझं खोटं पत्र, आणि त्याआधीच्या बोटींवर मी जे करून घ्यायचो तेही. संचालकांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "माणूस आता नाही. याचा उपयोग कुणाला?" मी म्हणालो, त्यांच्या पत्नीला. पत्र बाजूला ठेवत ते म्हणाले, काही दिवस घरी थांब, आम्ही कळवू. घरी थांबलोय. काय कळवतील याचा अंदाज आहे मला. मीनलला सगळं सांगितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. इराला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकांना माहीत होतं, अँड ही स्टिल केम?" मी हो म्हणालो. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं.

चौघांपैकी एकाचं उत्तर आलं. तुझ्या त्या वेळच्या थर्डचं, भिंतीला टेकून झोपलेल्याचं. तो आता दुसऱ्या कंपनीत सेकंड इंजिनिअर आहे. दोनच ओळी: "सर, आम्हाला माहीत होतं. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, हे आम्हालाही लागून राहिलंय." त्यानं आपल्या बोटीवर तुझ्या नावानं काहीतरी केलंय, असं लिहिलेलं असेल म्हणून मी खाली पाहिलं. तसं काही नव्हतं.

काल मराठी प्रत घेऊन वहिनींकडे गेलो. दोन पानं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, मी उभाच राहिलो. त्यांनी खिडकीशी जाऊन वाचलं. पहिलं पान वाचून झालं, दुसरं घेतलं. खालून शाळा सुटल्याचा आवाज येत होता. मग त्या पान घेऊन माझ्यापाशी आल्या आणि एका ओळीवर नख ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. "'या प्रकरणात माझ्याकडून मोठी चूक झाली.'"

"झाली?" त्या म्हणाल्या. "आपोआप?"

मी पेन काढलं. टेबलावर कागद ठेवून ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मी हे जाणूनबुजून केलं.'  अक्षर चांगलं आलं, विलास. वहिनींनी कागद उचलला, ती ओळ ओठ हलवत पुन्हा वाचली आणि दोन्ही पानांची घडी घातली.  मी चपला घातल्या आणि बाहेर आलो. लिफ्ट यायला वेळ लागला. मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत त्यांचं दार उघडंच होतं.